खाज, पांढरं जाणं आणि मेडिकलमधलं पाकीट

आरोग्य : वाचकांचे प्रश्न

पावसाळा आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत योनिमार्गाची खाज हा विषय हमखास असतो. यंदा पत्रं इतकी आली की अख्खा अंक त्यालाच दिला आहे. नावं छापलेली नाहीत, वय आणि राहण्याचा भाग तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : अंगावरून पांढरं जात होतं, खाजही होती. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये विचारलं तर चार गोळ्यांचं एक पाकीट दिलं, 'सगळ्या एकदम घ्या' म्हणाले. आठ-दहा दिवस बरं वाटलं. आता पुन्हा तेच सुरू झालंय. तेच पाकीट परत घेऊ का? (वय २९, कर्वेनगर)

उत्तर : नको. या पाकिटात बहुधा तीन औषधं असतात. फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी, अ‍ॅझिथ्रोमायसिनची १ ग्रॅमची एक आणि सेक्निडॅझोलच्या १ ग्रॅमच्या दोन. पहिली बुरशीसाठी, दुसरी क्लॅमिडियासारख्या लैंगिक संसर्गासाठी, तिसरी बॅक्टेरियल व्हजायनोसिस आणि ट्रायकोमोनास या दोन वेगळ्या आजारांसाठी. म्हणजे काय झालंय ते न बघता सगळीकडे एकेक दगड मारून ठेवायचा. त्यात अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक. योनिमार्गातले उपयोगी जिवाणू मारून बुरशीला मोकळं रान देण्यात अँटिबायोटिकांचा हात मोठा असतो. बुरशीवरच्या औषधाशेजारी तेच ठेवलेलं पाहून आम्हाला दर वेळी नवल वाटतं.

सरकारी दवाखान्यांतही पांढरं जाण्यासाठी हिरव्या रंगाचं 'किट २' देतात. त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल असतं. पण ते देण्याआधी डॉक्टर विचारपूस करतात, शक्य असेल तर तपासतात. पुण्यात जवळजवळ प्रत्येक गल्लीत लॅब आहे, तिथे अंदाजाने औषध घ्यायची वेळ यायला नको.

आता तुमच्याबाबत काय झालं असेल? यीस्टचा, म्हणजे कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा स्राव घट्ट, पांढरा, फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा असतो. त्याला वास जवळजवळ नसतो. खाज मात्र जीव नकोसा करते. बाहेरची त्वचा लाल होते, सुजते, कधी तिला बारीक चिरा पडतात. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये स्राव पातळ, राखाडी-पांढरा असतो आणि त्याला माशांसारखा वास येतो. संबंधांनंतर हा वास जास्त जाणवतो, खाज मात्र फारशी नसते. ट्रायकोमोनासचा स्राव पिवळा-हिरवा, कधी फेसाळ असतो, सोबत जळजळ असते. तो लैंगिक संबंधांतून पसरतो, त्यामुळे जोडीदारालाही औषध द्यावं लागतं. हे वर्णन वाचून 'आपलं अमुकच आहे' असं मात्र ठरवू नका. दोन आजार एका वेळी असू शकतात, आणि खाज नुसत्या साबणानेही सुटते.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दोन गोष्टी पाच मिनिटांत होतात. एक म्हणजे पीएच, म्हणजे आम्लता, मोजायची पट्टी. योनिमार्गाच्या भिंतीवरचा थोडा स्राव तिला लावतात. निरोगी योनिमार्गाचा पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो आणि यीस्टमध्येही तो तेवढाच राहतो. व्हजायनोसिस आणि ट्रायकोमोनासमध्ये तो ४.५ च्या वर जातो. पाळीचं रक्त किंवा वीर्य असेल तर आकडा खोटा वर चढतो. म्हणून पाळी संपल्यावर जा आणि आदल्या दिवशी संबंध टाळा. दुसरी म्हणजे काचेवर स्राव घेऊन त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे उघडे पडतात. धागे दिसले नाहीत म्हणून बुरशी नाहीच, असं मात्र नाही. लक्षणं जुळत असतील तर फंगल कल्चर करावं, म्हणजे स्रावातली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघणं, त्याला दोन-तीन दिवस लागतात. तपासणीआधी आठवडाभर कुठलंही क्रीम किंवा आत ठेवायची गोळी वापरू नका, नाहीतर कल्चर उगाचच कोरं येईल.

प्रश्न : मी एमपीएससीची तयारी करते, सदाशिव पेठेत रूमवर राहते. दिवसाचे दहा-बारा तास अभ्यासिकेत बसून जातात. डॉक्टरांनी यीस्ट इन्फेक्शन सांगून आत ठेवायच्या सहा गोळ्या दिल्या आहेत. लग्न झालेलं नाही, ठेवायची भीती वाटते. कशी ठेवायची आणि ठेवली नाही तर चालेल का? (वय २३)

उत्तर : आधी भीतीचं. योनिमुखाशी असणाऱ्या पडद्याला छिद्र असतं, पाळीचं रक्त तिथूनच येतं. बहुतेक मुलींना लहान गोळी सावकाश आत सरकवता येते. तरीही मनाची तयारी नसेल तर जबरदस्ती करू नका. साध्या, पहिल्यांदाच झालेल्या यीस्टवर फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एकच तोंडाने घ्यायची गोळी आणि आत ठेवायच्या गोळ्या, दोन्हींचा गुण जवळपास सारखा येतो. पूर्ण कोर्स केला तर दहापैकी आठ-नऊ जणींना आराम पडतो. डॉक्टरांना सरळ विचारा, 'मला तोंडाने घ्यायची गोळी देता का?' सोबत बाहेरच्या खाजेसाठी क्लोट्रिमॅझोल १ टक्का क्रीम दिवसातून दोनदा पातळ लावता येतं.

तुम्हाला दिलेल्या बहुधा क्लोट्रिमॅझोल १०० मिलिग्रॅमच्या आहेत. रोज रात्री एक, सलग सहा रात्री. (याच औषधाची २०० मिलिग्रॅमची गोळी तीन रात्री आणि ५०० मिलिग्रॅमची एकाच रात्री ठेवतात. पाकिटावरचा आकडा बघून किती दिवस ते ठरतं, मैत्रिणीने किती दिवस ठेवली त्यावरून नाही.) ठेवायची वेळ झोपण्याआधीची, म्हणजे चालताना ती बाहेर येणार नाही. लघवीला जाऊन या, हात साबणाने धुऊन कोरडे करा. पाठीवर पडून गुडघे वर घ्या. गोळी कोरडी असते आणि टोचते, म्हणून तिला पाण्याचा एखादा थेंब लावा. सोबत प्लास्टिकची नळी असेल तर गोळी तिच्या टोकात बसवा आणि नळी पाठीच्या दिशेने, थोडी तिरकी, अडेल तिथपर्यंत सावकाश सरकवा. मग मागचा दट्ट्या दाबून नळी काढून घ्या. नळी नको असेल तर बोटाने, पण गोळी बोटभर आत जायला हवी. दाराशी ठेवली की सकाळी तशीच्या तशी बाहेर येते आणि 'औषध लागू पडलं नाही' अशी समजूत होते. सकाळी खडूच्या भुकटीसारखं पांढरं येतं ते औषधाचं उरलेलं. त्यासाठी साधा पॅड किंवा पँटी-लायनर लावा. टॅम्पॉन नको, तो औषध शोषून घेतो. पहिल्या एक-दोन रात्री थोडं चुरचुरतं, ते चालतं. पण आग वाढतच गेली तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवा, गोळीतल्या किंवा क्रीममधल्या एखाद्या घटकाची अ‍ॅलर्जी असू शकते.

दोन दिवसांत खाज थांबते आणि उरलेल्या चार गोळ्या टेबलाच्या खणात जातात. हे फार जणी करतात. सहाच्या सहा संपवा. कोर्सच्या मध्ये पाळी आली तरी सोडू नका. पाळी दोन दिवसांवर आलीय हे माहीत असेल आणि त्रास सोसण्यासारखा असेल, तर पाळी संपल्यावर सुरू केलेलं बरं.

दहा-बारा तास बसल्याने यीस्ट होत नाही. त्या दहा-बारा तासांत अंगाला चिकटलेली नायलॉनची लेगिंग आणि घाम असतो, तो भाग वेगळा. आणखी एक गोष्ट बघा. लघवी बाहेर पडून त्वचेला लागते तेव्हा आग होत असेल तर ती यीस्टची. जळजळ आतून, लघवी संपता संपता होत असेल आणि सारखं जावंसं वाटत असेल, तर तो मूत्रमार्गाचा संसर्ग. अभ्यासिकेतलं स्वच्छतागृह टाळण्यासाठी पाणीच न पिणाऱ्या मुलींना हा दुसरा होतो. त्याची तपासणी आणि औषध दोन्ही वेगळी.

प्रश्न : गेल्या वर्षभरात पाच वेळा झालं. दर वेळी ऑनलाइन डॉक्टरांना सांगते, एक गोळी घेते, बरं वाटतं, दोन महिन्यांत परत. आता गोळी दोन दिवस लागोपाठ घेतली तरी फरक नाही. (वय ३४, वाकड)

उत्तर : वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर त्याला वारंवार होणारं यीस्ट म्हणतात, आणि त्याचा उपचार एका गोळीचा नसतो. पण त्याआधीचा प्रश्न असा की पाचही वेळा ते यीस्टच होतं का? एकदाही स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर स्रावाचा नमुना, घेतलेला दिसत नाही. पुढच्या वेळी लक्षणं सुरू होताच, गोळी घेण्याआधी, प्रत्यक्ष जाऊन कल्चर करून घ्या. अहवालात नुसतं 'कॅन्डिडा' नको, कोणती जात ते लिहून हवं. बहुतेक वेळा ती कॅन्डिडा अल्बिकन्स असते आणि फ्लुकोनॅझोलला दाद देते. कॅन्डिडा ग्लॅब्राटा निघाली तर तिला फ्लुकोनॅझोलचा फारसा धाक नसतो, म्हणून 'गोळी घेते आणि परत येतं' हे चक्र चालू राहतं.

गोळी दोन दिवस लागोपाठ घेण्यात काही साधत नाही, कारण फ्लुकोनॅझोल शरीरात सावकाश कमी होतं आणि योनिमार्गात तीन दिवस तरी टिकून राहतं. त्रास तीव्र असतो, म्हणजे सूज आणि चिरा असतात, तेव्हा दुसरी गोळी ७२ तासांनी देतात ती त्याचमुळे. आराम पडायला एक ते तीन दिवस लागतात, पूर्ण बरं वाटायला आठवडा. दुसऱ्याच दिवशी 'काही फरक नाही' असा निकाल देऊ नका.

अल्बिकन्स असल्याचं ठरलं तर पद्धत अशी. आधी आग विझवायची : १५० मिलिग्रॅम पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी. मग आठवड्यातून एक गोळी, ठरलेल्या वारी, सहा महिने. फोनवर गजर लावा, चौथ्या महिन्यात त्रास नसतो आणि नेमकी तेव्हाच गोळी विसरते. सहा महिन्यांत बहुतेकींना चांगलं बरं राहतं, पण थांबवल्यावर जवळपास निम्म्या जणींना पुन्हा होतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. म्हणजे निराश होऊन औषधं बदलत बसणार नाही. या काळात गर्भधारणा नको, तसं गर्भनिरोधन हवं. यकृताचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर ते आधी सांगा, दोन्हींत फ्लुकोनॅझोलने अडचण होते. तोंडाची गोळी चालत नसेल तर आठवड्याला क्लोट्रिमॅझोल ५०० मिलिग्रॅमची आत ठेवायची गोळी हा पर्याय आहे.

ग्लॅब्राटा निघाली तर बोरिक अ‍ॅसिडच्या ६०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल रोज रात्री आत ठेवतात, दोन ते तीन आठवडे. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, औषध बनवून देणाऱ्या फार्मसीतून घ्यायचं. बोरिक अ‍ॅसिड पोटात गेलं तर विषारी आहे. कॅप्सूल दिसायला तोंडाने घ्यायच्या कॅप्सूलसारखीच असते, म्हणून डबीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि घरच्या औषधांच्या डब्यात ठेवूच नका. गरोदरपणात हे अजिबात नाही. कॅरम खेळाच्या पावडरमधलं किंवा किराणा दुकानातलं बोरिक अ‍ॅसिड कॅप्सूलमध्ये भरून वापरणाऱ्याही आहेत, त्यांना हात जोडून सांगणं की असं करू नका.

कल्चर दोनदा कोरं आलं तर बुरशीचा नाद सोडा. रोज लावलेले सुगंधी पँटी-लायनर, इंटिमेट वॉश, कपडे धुण्याचं नवं लिक्विड हे नेहमीचे संशयित. कधी उपयोगी जिवाणूच गरजेपेक्षा वाढतात आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात यीस्टसारखीच खाज-आग होते. तिथे बुरशीचं औषध कितीही घ्या, उपयोग शून्य. म्हणून त्रास सुरू झाल्याची तारीख आणि पाळीची तारीख शेजारी-शेजारी लिहीत जा. साखर तपासा, एचबीए१सीसकट (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी). तांबी बसवलेली असेल तर तेही सांगा, काहींमध्ये तिच्यामुळे त्रास पुन्हा पुन्हा होतो.

प्रश्न : सहा वर्षांपासून मधुमेह आहे. नवीन गोळी सुरू केल्यापासून साखर छान आटोक्यात आली, वजनही कमी झालं, पण खालची खाज थांबत नाही. गोळीचं नाव डॅपाग्लिफ्लोझिन. बंद करू का? (वय ५१, हडपसर)

उत्तर : स्वतःहून बंद करू नका. तुमच्या खाजेचं कारण बहुधा हीच गोळी आहे, पण ती साखरेपलीकडे हृदयाला आणि मूत्रपिंडालाही जपते. काय होतं ते बघू. एरवी रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मगच ती लघवीत उतरते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं मूत्रपिंडाला साखर परत शोषू देत नाहीत. त्यामुळे रक्तातली साखर चांगली असतानाही रोज कित्येक ग्रॅम साखर लघवीतून जाते, आणि प्रत्येक वेळी त्वचेवर गोड थेंब राहतात. बुरशीला आणखी काय हवं? डॅपाग्लिफ्लोझिनच्या चाचण्यांत दर शंभर स्त्रियांमागे साधारण सात जणींना यीस्ट झालं, बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत एक-दोघींना. डॉक्टर ही गोळी लिहून देताना हे सांगायला बरेचदा विसरतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहोत.

रोज करायचं ते एवढंच : लघवी झाली की प्रत्येक वेळी साध्या पाण्याने धुवा आणि कोरडं पुसा. रात्री उठून गेलात तरी. धुऊन ओलं ठेवणं हे न धुण्याइतकंच वाईट. पर्समध्ये मऊ सुती रुमाल किंवा टिश्यू ठेवा. जेट स्प्रेचा झोत पुढून मागे जाईल असा धरा, आतल्या दिशेने नको. बऱ्याच जणींचा त्रास यावरच थांबतो.

उपचार नेहमीचाच, पण साखर बरेच दिवस वाढलेली होती तर कोर्स मोठा लागतो. आत ठेवायचं औषध ७ ते १४ रात्री, किंवा फ्लुकोनॅझोलच्या दोन गोळ्या ७२ तासांच्या अंतराने. इथे एक खाचखळगा आहे. तुमच्या जुन्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड असेल तर फ्लुकोनॅझोलमुळे तिचा अंमल वाढतो आणि साखर एकदम उतरू शकते. गोळ्या चालू असताना आणि नंतरचे काही दिवस जेवण चुकवू नका. घाम फुटला, हात थरथरले तर लगेच ग्लुकोमीटरने बघा आणि साखर खा. क्लोट्रिमॅझोलची आत ठेवायची गोळी घेतली तर ही भानगड नाही. तुमच्या डॉक्टरांना आम्ही तीच सुचवू.

एवढं करूनही वारंवार होत असेल तर मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोला, ते गोळी बदलून देतील. आणि ही गोळी चालू असताना जांघेत किंवा गुदद्वाराच्या आसपास कधी सूज, लाली, खूप दुखणं आणि ताप असं एकत्र झालं तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. हे अगदी क्वचित होतं, पण झालं तर तास मोजावे लागतात.

प्रश्न : सहावा महिना चालू आहे. खाज आहे, घट्ट पांढरं जातं. मागच्या वेळची गोळी घरात आहे. (वय २७, धायरी)

उत्तर : ती फ्लुकोनॅझोल असेल तर घेऊ नका. गरोदरपणात तोंडाने घ्यायची गोळी टाळतात. क्लोट्रिमॅझोल १०० मिलिग्रॅम, सात रात्री. एक किंवा तीन दिवसांचा कोर्स या काळात पुरत नाही. नळी न वापरता बोटानेच ठेवलेली बरी. बाळाला यीस्टने इजा होत नाही. मात्र पाण्यासारखं पातळ, थांबता न थांबणारं जात असेल तर ते यीस्ट नव्हे. गर्भजल असू शकतं. लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न : मी ढोल पथकात आहे. गणपतीआधी दीड-दोन महिने रोज सरावाला उभं राहायचं, पाऊस, घाम, ओले कपडे. दर वर्षी याच दिवसांत जांघेत आणि खाली खाज येते. एका मैत्रिणीने ट्यूब दिली, लावली की दोन दिवसांत थांबते, सोडली की दुप्पट येते. (वय २१, नवी पेठ)

उत्तर : ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव असणार. ही स्टेरॉइडं आहेत. खाज लगेच थांबते ती यांच्यामुळे, आणि बुरशी आतल्या आत पसरते तीही यांच्यामुळेच. जांघेची त्वचा पातळ. तिथे ही महिनोन्महिने लावली तर कायमचे पांढुरके-लालसर चट्टे पडतात, ते पुढे जात नाहीत. ट्यूब आजच बंद करा. तीन-चार दिवस खाज उसळेल, ते अपेक्षित आहे.

वर्णनावरून तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी झालेल्या असाव्यात. जांघेत मांडीकडे पसरणारा, कडा उंच आणि मध्ये निवळलेला गोल चट्टा हे गजकर्ण. तीही बुरशीच, पण कॅन्डिडाच्या कुळातली नव्हे. तिला त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही आठवडे औषध लागतं, यीस्टची एक गोळी तिला पुरत नाही. घरात इतरांना असेल तर सगळ्यांचा उपचार एकदम, टॉवेल आणि कपडे वेगळे. योनिमार्गाची खाज आणि पांढरं जाणं हे यीस्ट असेल, त्याची तपासणी पहिल्या उत्तरात सांगितली तशी.

सरावापुरतं बघायचं तर सुती, सैल निकर, आणि पिशवीत एक कोरडा जोड. सराव संपला की तिथेच बदला, चहाच्या टपरीवर तासभर ओल्यात गप्पा मारून नंतर नाही. पावसाळ्यात पुण्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि दमट निकरच चढवली जाते. रात्री पंख्याखाली वाळत घाला आणि सकाळी इस्त्री फिरवा, विशेषतः शिवणीवर. सरावाच्या दिवसांत जास्तीच्या चार निकर घेऊन ठेवणं कुठल्याही औषधापेक्षा स्वस्त पडतं. मिरवणुकीच्या दिवशी पॅड लागणार असेल तर ४ ते ६ तासांनी बदलायची सोय आधी बघून ठेवा. लक्ष्मी रोडवर ऐन वेळी ती मिळत नाही.

प्रश्न : बायकोला हा त्रास वारंवार होतो. मला काही नाही. माझ्याकडून तिला होतंय का, की तिला बाहेरून काही लागलंय? (वय ३८, कात्रज)

उत्तर : कॅन्डिडा लैंगिक आजारांत मोडत नाही. दहा-वीस टक्के निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गात तो काही त्रास न देता असतो. संबंध कधीच न आलेल्या मुलींनाही यीस्ट होतं. तेव्हा संशयाचा विषय इथेच संपवा. तुम्हाला लक्षणं नसतील तर तुमच्यावर उपचाराची गरज नाही. शिश्नाच्या टोकाला लाली, खाज, पांढरा थर असेल तर क्लोट्रिमॅझोल १ टक्का क्रीम आठवडाभर, आणि तुम्हीही साखर तपासून घ्या. उपचार चालू असताना निरोधवर भरवसा ठेवू नका. आत वापरायच्या क्रीम-गोळ्यांतल्या तेलकट भागाने रबर कमकुवत होतं.

प्रश्न : पाळी जाऊन दहा वर्षं झाली. खाज आणि कोरडेपणा. बुरशीची औषधं तीन वेळा झाली, उपयोग नाही. (वय ६१, कोथरूड)

उत्तर : उपयोग नाही, कारण बहुधा बुरशीच नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनिमार्गातली साखर आणि उपयोगी जिवाणू दोन्ही घटतात. मधुमेह किंवा हार्मोनचं औषध चालू नसेल तर त्या वातावरणात कॅन्डिडा सहसा तग धरत नाही. दोन शक्यता उरतात. एक, कोरडेपणा. त्यावर इस्ट्रिऑलचं क्रीम आतून लावतात, आधी दोन-तीन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते आधी सांगायचं. दुसरी, लायकेन स्क्लेरोसस ही त्वचेची व्याधी. त्वचा पांढरी, पातळ, चुरगळलेल्या कागदासारखी दिसते, रात्री खाज वाढते, चिरा पडतात. हिच्यावर तेच क्लोबेटासॉल लागतं ज्यापासून वरच्या मुलीला आम्ही दूर राहायला सांगितलं. फरक असा की इथे निदान झालेलं असतं, मात्रा मोजलेली असते आणि डॉक्टर दर काही महिन्यांनी त्वचा बघतात. ते बघणं महत्त्वाचं, कारण फार थोड्या जणींत या जागी पुढे कर्करोग होऊ शकतो. फोनवर वर्णन करून भागणार नाही, प्रत्यक्ष दाखवा. ससूनच्या किंवा महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातही हे दाखवता येतं. आणि पाळी गेल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात जा.

प्रश्न : दही लावणं, लसणाची पाकळी ठेवणं, तुरटीच्या पाण्याने धुणं, इंटिमेट वॉश यातलं काय चालेल? आणि गोड, ब्रेड, इडली बंद करायची का? (वय ३१, विमाननगर)

उत्तर : लावायचं-ठेवायचं काहीच नाही. विरजणातले जिवाणू आणि योनिमार्गातले जिवाणू एकाच आडनावाचे असले तरी वेगळे. दह्यातले तिथे वस्ती करत नाहीत, दह्यातली साखर मात्र राहते. लसणाने नाजूक त्वचा भाजते. तुरटीने कातडी आकसते आणि कोरडी पडून चिरते. आतून धुणं, मग ते कशानेही असो, उपयोगी जिवाणूंना धुऊन काढतं. इंटिमेट वॉशची गरज नाही. वापरायचाच असेल तर बिनसुगंधी, बाहेरून, आणि खाज चालू असताना तोही नाही. दही वाटीभर खा, ताक प्या, छानच आहे. पण त्याने यीस्ट बरं होतं असा भक्कम पुरावा नाही. मधुमेह नसेल तर इडली-ब्रेड सोडून काही फायदा नाही.

प्रश्न : नेहमीच्या तपासणीत पॅप स्मिअर केला. अहवालात कॅन्डिडा दिसतोय असं लिहिलंय. खाज नाही, पांढरं नाही. औषध घेऊ? (वय ४२, बाणेर)

उत्तर : नाही. अहवालाला औषध देत नाहीत, त्रासाला देतात. त्या अहवालात गर्भाशयमुखाच्या पेशींबद्दल काय लिहिलंय ते मात्र डॉक्टरांकडून समजून घ्या, तपासणी त्यासाठीच केली होती.